सतरावा प्रश्न

सिव्हिलच्या मागच्या हॉलमध्ये पंखा एकच.
तो आमच्या डोक्यावर यावा म्हणून
डॉक्टरबाईंनी स्वतः खुर्च्या सरकवल्या.
तेवढ्यावर मी बसलो, नाहीतर दारातूनच परतणार होतो.

आम्ही आठ जण, आठही मास्कमागे.
बाहेर मे, चव्वेचाळीस अंश, डांबराला चपला चिकटतायत.
आठांच्याही हाडांत दुसऱ्या कुणाचं तरी बी पेरलेलं.

डॉ. निंबर्गी म्हणाल्या, हे सोळा प्रश्न
आम्ही पुण्यात बसून काढले. चुकले असतील. खोडा.
आणि एकेकाला लाल पेन दिलं.

सातवीत शाळा सुटली माझी.
लाल पेन कायम समोरच्याच्या हातात पाहिलेलं.
टोपण काढायलाच वेळ लागला.

पहिला : गेल्या सात दिवसांत थकवा किती? शून्य ते दहा.
कस्तुराबाईंनी विचारलं, कुठल्या दिवशीचा?
आमच्याकडं नळ चार दिवसाआड येतो.
पाण्याच्या दिवशीचा, का मधल्या दिवसाचा?
बाईंनी आकडा खोडला. समासात लिहिलं : पाण्याचा दिवस.

सहावा : अन्नाची चव लागते का?
मैनोद्दीनभाई हसले. चव लागते हो, लाळ कुठंय?
कडक भाकरी तोंडात पुठ्ठ्यासारखी फिरते.
चव नका विचारू.
विचारा, लग्नात पंगतीला बसता का.

अकराव्यावर सगळे पंख्याकडं बघायला लागले.
एकोणीस वर्षांची ऐश्वर्या म्हेत्रे तेवढी
कागदाकडं बघत बोलली :
पाळी थांबलीय माझी. स्थळ आलं
तर पहिल्या भेटीत सांगायचं का तिसऱ्या?
हे कुठं लिहिलंय यात?
कुठंच नव्हतं.

मी गप्प होतो.
मग काय झालं कुणास ठाऊक, कामाचंच बोलायला लागलो.
अठ्ठावीस वर्षं जकार्डची कार्डं पंच केली मी.
चादरीवरचा मोर मागावर जन्मत नाही,
आधी पुठ्ठ्यावर, भोकाभोकानं येतो.
भोक नाही तिथला धागा उचलत नाही,
मग विणकरानं कितीही जीव काढू दे.
एकदा माझं एक भोक राहिलं,
तीनशे चादरी आंधळे मोर घेऊन बाजारात गेल्या.
एकही परत आली नाही. कुणी बघितलंच नव्हतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, अंबादासभाऊ, यातला डोळा कुठला राहिलाय?

मग नागमणी सांगावी लागली.
धाकटी बहीण, कुंभारीला विड्या वळते.
तिचा मगज माझ्यात. माझा रक्तगट होता ओ,
आता तिचा बी. पोलिओचा डोस, गोवराची लस,
सगळं पुन्हा घेतलं मी, बाळासारखं, पन्नाशीत.
आठव्या महिन्यात अंगावर चट्टे उठले, तोंड सोललं.
डॉक्टर म्हणाले, बहिणीच्या पेशी तुम्हाला परकं समजतायत.
हे तिनं दाराआडून ऐकलं.
तेव्हापासून दर फोनला शेवटी, हळूच :
अन्ना, माझंच रक्त तुला चावतंय काय?

पंखा तेवढा वाजत होता.
मग मी लाल पेनानं, सोळाच्या खाली, वाकड्या अक्षरात :
ज्यानं दिलं, त्याला झोप लागते का?

जुलैत फॉर्म छापून आला. सतरावा होता.
‘झोप’ माझ्यासारखीच ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नसलेली, बरोबर.
तेवढाच शब्द धडका आला होता मला.

कुंभारीला गेलो. तंबाखूची धूळ मला चालत नाही,
उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून, मास्कमधून वाचून दाखवलं.
तिचे हात चालूच. पान, चिमूट, गुंडाळी, दोरा.
हे मला विचारलंय? म्हणाली. कागदावर?
हो म्हटलं.

कट्ट्यात पंचवीस लागतात.
एकविसावर हात थांबले.